गाडीतली सेफ्टी फीचर्स

धडक झालीच तर आतल्या माणसाला कमी लागावं म्हणून गाडीत जे जे बसवलेलं असतं ते. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) वगैरे धडक टाळायला असतं, इथं विषय त्यानंतरचा. ताशी ६० ने चाललेली गाडी भिंतीला आदळली की साधारण सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबते, आतला माणूस मात्र त्याच ६० ने पुढं जात राहतो, मग तो किती वेळात आणि कशावर थांबतो यावर सगळं अवलंबून.

म्हणून गाडीचं तोंड मुद्दाम चेपणारं करतात आणि माणसं बसतात तो सांगाडा कडक ठेवतात. मर्सिडीजचे इंजिनिअर बेला बारेन्यी यांची ही कल्पना, १९५९ च्या मर्सिडीजमध्ये आली. पत्रा चेपला की गाडी हलकी असं गॅरेजवर सर्रास म्हणतात, ते चूक. उलट पुढं लोखंडी बुलबार ठोकला की धक्का थेट चासीला जातो, २०१७ साली केंद्रानं त्यावर बंदी आणली तरी अजून दिसतातच.

तीन ठिकाणी अडकणारा बेल्ट व्होल्वोच्या नील्स बोलिन यांनी १९५९ मध्येच आणला. तो मार छाती आणि कमरेच्या हाडांवर घेतो, पट्टा पोटावर चढला तर आतडी फाटू शकतात. एअरबॅग ही बेल्टच्या जोडीला आहे, बदली नाही, ती डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते आणि बेल्ट नसलेला माणूस तोवर पुढं सरकलेला असतो, म्हणजे फुगणारी पिशवीच तोंडावर बसते.

मागच्या सीटलाही बेल्ट सक्तीचा आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४बी खाली १००० रुपये दंड. पण सोलापुरात मागच्या सीटवर आपली चादर अंथरलेली असते आणि बकल तिच्याखाली गडप, अक्कलकोट-तुळजापूरला निघालेल्या गाडीत मागं चौघं कोंबलेली असली की विषयच संपला. असा मोकळा माणूस धडकेत पुढच्या सीटवर आदळतो आणि बेल्ट लावलेल्यालाही चिरडतो.

कारखाने सुरू झाले की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, बऱ्याच विनारिफ्लेक्टर. रात्री मागून कार घुसली तर ट्रॉलीचा कठडा बोनेटच्या वरून सरळ काचेवर येतो, चेपायचा भाग खालीच राहतो, तिथं एअरबॅगचाही फारसा उपयोग होत नाही.