मर्फी (आडनाव)

मर्फी हे आयर्लंडमधील सर्वांत मोठ्या संख्येने आढळणारे आडनाव आहे. १८९० सालच्या जन्मनोंदींवरून तयार झालेल्या यादीत ते पहिले होते, त्याखालोखाल ‘केली’ आणि ‘सलिव्हन’ ही आडनावे. ‘मुरखाध’ (आजचा उच्चार ‘मुरखू’) या जुन्या पुरुषनावापासून ते बनले. ‘मुइर’ म्हणजे समुद्र आणि ‘कथ’ म्हणजे लढाई, म्हणून अर्थ ‘समुद्रावरचा लढवय्या’. आपल्या ‘मूर्ख’ शब्दाशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

मुरखू नावाचे पूर्वज अनेक होते, म्हणून मर्फींची मूळ घराणीही अनेक. कॉर्क, वेक्सफर्ड आणि अल्स्टरमधील टिरोन-आर्मा येथील मर्फी एकमेकांचे भाऊबंद नव्हेत. दक्षिणेत नावाआधी ‘ओ’ (वंशज) लागे, अल्स्टरमध्ये ‘मॅक’ (मुलगा). ११६९ मध्ये आयर्लंडमध्ये उतरलेल्या नॉर्मनांना मदतीस बोलावणारा लेन्स्टरचा राजा डर्मट मॅकमरो याचे नावही मुरखूवरूनच आले. मात्र त्याच्या एका मुलाची शाखा पुढे कॅव्हना म्हणून ओळखली गेली.

इंग्रजी अमलात ‘ओ’ गळाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओब्रायन, ओकॉनर वगैरे घराण्यांनी तो पुन्हा लावला, मर्फींनी नाही. त्यामुळे ‘ओमर्फी’ क्वचितच दिसते. ठळक अपवाद म्हणजे पंधराव्या लुईची प्रेयसी मारी-लुईझ ओमर्फी (१७३७–१८१४), रूआन येथे जन्मलेली आयरिश वंशाची फ्रेंच स्त्री. आयरिश भाषेत आडनाव लिंगानुसार बदलते: पुरुष ‘ओ मुरखू’, अविवाहित स्त्री ‘नी वुरखू’, विवाहित स्त्री ‘ई वुरखू’. जुन्या कागदांत एकाच घरातली माणसे शोधताना हा फरक ध्यानात न घेतल्यास भाऊ-बहिणी दोन वेगळ्या कुटुंबांतल्या वाटतात. कॉर्कमध्ये तर नुसत्या आडनावावर शोध लागत नाही; पॅरिश (चर्चच्या हद्दीतला भाग) आणि गावठाण ठाऊक असावेच लागते. १९०१ आणि १९११ च्या जनगणनेची पत्रके उपलब्ध आहेत, पण त्याआधीच्या जनगणनांचे फार थोडे उरले आहे. काही सरकारनेच नष्ट केल्या, काही १९२२ मध्ये डब्लिनच्या अभिलेखागाराला लागलेल्या आगीत गेल्या.

नामसाधर्म्यामुळे सर्वाधिक घोटाळा डॉक्टरांत होतो. ‘मर्फीची खूण’ ज्यांच्या नावाची आहे ते शिकागोचे शल्यविशारद जॉन बेंजामिन मर्फी (१८५७–१९१६). पित्ताशयाला सूज असल्याचा संशय आला की उजव्या बरगड्यांच्या कडेखाली, हसळीच्या हाडाच्या मध्यापासून खाली येणाऱ्या रेषेवर बोटे दाबून रुग्णाला दीर्घ श्वास घ्यायला सांगतात. श्वासाबरोबर यकृत व पित्ताशय खाली सरकून बोटांना टेकते आणि दुखून श्वास मध्येच अडतो, तेव्हा खूण सकारात्मक. डावीकडे तसेच दाबून दुखता कामा नये. दुखल्यास खुणेला अर्थ राहत नाही. वृद्धांत आणि पित्ताशय सडू लागले असताना ही खूण फसवते, म्हणून तिच्या अभावावरून आजार नाकारत नाहीत. यांचेच ‘मर्फी बटण’ (१८९२): धातूचे दोन अर्धे भाग आतड्याच्या दोन टोकांत बसवून एकमेकांत दाबायचे, मधली ऊती मरून टोके जुळायची आणि बटण सुटून शौचावाटे बाहेर पडायचे. ते आतच अडकले तर आतड्याला अडथळा होई. टाक्यांचे तंत्र सुधारल्यावर बटण मागे पडले.

नोबेल मिळाले ते दुसऱ्या डॉक्टरांना. बॉस्टनचे विल्यम पॅरी मर्फी (१८९२–१९८७) यांनी जॉर्ज मायनट यांच्याबरोबर १९२६ मध्ये ४५ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला: मारक पांडुरोगाच्या रुग्णाला रोज सुमारे १२० ते २४० ग्रॅम कलेजी खाऊ घातल्यास रक्त सुधारते. १९३४ चे पारितोषिक दोघांना जॉर्ज व्हिपल यांच्यासह मिळाले. व्हिपल यांच्या कुत्र्यांवरील प्रयोगांतून कलेजीची कल्पना आली, पण त्या कुत्र्यांचा पांडुरोग रक्तस्रावाचा होता आणि त्यात गुण बहुतांशी लोहाचा. म्हणजे वाट चुकीची, मुक्काम बरोबर. कलेजीतला खरा घटक, ब-१२ जीवनसत्त्व, १९४८ मध्ये वेगळा काढला गेला.

‘मर्फीचा नियम’ (जे बिघडू शकते ते बिघडतेच) अमेरिकी अभियंता एडवर्ड मर्फी (१९१८–१९९०) यांच्या नावावर आहे. १९४९ मध्ये कॅलिफोर्नियातील हवाई तळावर वायुदलाचे डॉक्टर जॉन स्टॅप यांच्या अग्निबाणगाडीच्या चाचण्यांसाठी त्यांनी ताण मोजणारी उपकरणे आणली. ती दोन प्रकारे जोडता येत आणि नेमकी उलटी जोडली गेली, मापन शून्य. नियमाचा मूळ रोख नशिबावर नाही, रचनेवर आहे: जे दोन प्रकारे बसते ते कोणीतरी चुकीचे बसवणारच, म्हणून एकाच प्रकारे बसेल असे बनवा. आपल्याकडच्या तीन पिनांच्या प्लगमध्ये अर्थिंगची पिन जाड ठेवण्यामागे हेच तत्त्व आहे. ‘मेलं, आजच पाऊस यायचा होता’ हा अर्थ नंतर चिकटला.

राजकारणात वेक्सफर्डच्या १७९८ च्या इंग्रजांविरुद्धच्या उठावाचे नेते फादर जॉन मर्फी यांना टलो येथे फाशी झाली. त्याच उठावात आर्कलो येथे पडलेले फादर मायकेल मर्फी वेगळे. डब्लिनचे उद्योगपती विल्यम मार्टिन मर्फी (१८४५–१९१९) यांनी १९१३ च्या टाळेबंदीत मालकांचे नेतृत्व केले.

फ्रँक मर्फीही दोन. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती (१८९०–१९४९) यांनी १९४४ मध्ये जपानी वंशीयांच्या हकालपट्टीविरुद्ध भिन्नमत नोंदवले. दुसरे इंग्रज अभियंता (१८८९–१९५५). त्यांनी १९२९ मध्ये वेल्विन गार्डन सिटी येथे सुरू केलेली रेडिओ कंपनी मराठी घरांत तोंडाला बोट लावलेल्या बाळाच्या जाहिरातीमुळे ठाऊक.

आडनावावरून आयरिश रक्त ठरत नाही. केंटकी डर्बी तीनदा (१८८४, १८९०, १८९१) जिंकणारे कृष्णवर्णीय जॉकी आयझॅक मर्फी जन्माने बर्न्स होते. मर्फी हे आजोबांचे आडनाव त्यांनी घेतले. नट एडी मर्फी (जन्म १९६१) हेही आफ्रिकी-अमेरिकी.

प्रवासलेखिका डर्व्हला मर्फी (१९३१–२०२२) १९६३ मध्ये आयर्लंडहून सायकलीने भारतात पोहोचल्या. कॉर्कचे नट, २०२४ चे ऑस्करविजेते मर्फी यांचे पहिले नाव ‘किलियन’ असे उच्चारतात. ‘सिलियन’ हा इंग्रजी वाचनाचा परिणाम, आयरिशमध्ये नावाच्या पहिल्या ‘C’ अक्षराचा ‘स’ होत नाही.