‘तो कंजूष होता’ हे म्हणतंय कोण? स्वभावचित्रणाची पार्श्वभूमी

ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात माणसांचे ३० नमुने लिहून ठेवले. बडबड्या, भित्रा, खुशामतखोर, चिक्कू अशी ही मंडळी. चिक्कूच्या बायकोच्या हातून तांब्याचं फुटकळ नाणं पडलं, तर तो भांडी, पलंग, पेट्या हलवून जमीन धुंडाळायला लागतो. बडबड्या अनोळखी माणसाच्या शेजारी बसतो आणि आधी स्वतःच्या बायकोची स्तुती करतो, मग रात्री पडलेलं स्वप्न सांगतो, मग जेवणात काय काय होतं त्याची यादी. भित्र्याला समुद्रप्रवासात दूरचे सुळके चाच्यांची जहाजं वाटतात. आज जो मजकूर उपलब्ध आहे त्यात प्रत्येक नमुन्याच्या डोक्यावर एक व्याख्या आहे: चिक्कूपणा म्हणजे अमुक, भित्रेपणा म्हणजे तमुक. या व्याख्या थिओफ्रास्टसच्या नसून मागाहून कोणीतरी चिकटवल्या असाव्यात, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पलंग हलवणारा माणूस दिसला तरी त्या ‘कोणीतरी’चं समाधान झालं नाही, त्याला निकाल लिहूनच हवा होता.

पात्राचा स्वभाव लेखकाने स्वतः सांगावा की वागण्या-बोलण्यातून कळू द्यावा, या प्रश्नाचा इतिहास साधारणपणे प्रगतीची गोष्ट म्हणून सांगितला जातो. पूर्वीचे लेखक सांगत, आधुनिक लेखक दाखवतात, आणि दाखवणं श्रेष्ठ. मला ही मांडणी पटत नाही. दोन्ही रीती पहिल्यापासून शेजारी शेजारी आहेत. बदलत गेली ती निकाल देणाऱ्याची पत.

होमरचंच पाहा. ट्रॉयच्या युद्धावरच्या ‘इलियड’ या त्याच्या महाकाव्यात दुसऱ्या सर्गात थर्सायटीझ नावाचा सैनिक येतो तेव्हा कवी स्वतःच्या तोंडाने सांगून टाकतो की ट्रॉयला आलेल्यांत हा सर्वांत कुरूप: वाकडे पाय, एका पायाने लंगडा, खांदे आत वळलेले, डोकं निमुळतं, त्यावर विरळ केस. पण लगेच तिसऱ्या सर्गात, जिच्यामुळे युद्ध पेटलं ती हेलन ट्रॉयच्या तटावर येते तेव्हा तिच्या रूपाचं असं वर्णन नाही. तिथे बसलेले म्हातारे तिला पाहून आपसांत कुजबुजतात, की अशा स्त्रीसाठी दोन्ही सैन्यांनी इतकी वर्षं हाल सोसले यात त्यांना दोष देता येणार नाही. ज्यांच्या नगराचा विध्वंस तिच्यामुळे ओढवतो आहे त्या, वय झालेल्या माणसांनी हे म्हणावं! जर्मन समीक्षक लेसिंगने १७६६ मध्ये ‘लाओकोऑन’ या ग्रंथात नेमकी हीच जागा दाखवून दिली. म्हणजे एकाच कवीकडे, एका सर्गाच्या अंतरावर, दोन्ही तऱ्हा आहेत. ॲरिस्टॉटलनेही होमरची स्तुती केली ती तो स्वतः कमी बोलतो आणि पात्रांना पुढे आणतो म्हणून. माणसाचा स्वभाव त्याच्या निवडीतून उघड होतो, हेही ॲरिस्टॉटलचंच म्हणणं. जिथे निवडायला काही नाही तिथे स्वभाव दिसत नाही.

आपल्याकडे रामायणाची सुरुवात तर गुणांच्या यादीनेच होते. या काळात गुणवान, वीर्यवान, धर्मज्ञ, कृतज्ञ, सत्यवचनी, दृढव्रत असा कोण आहे, असं वाल्मीकी नारदाला विचारतात. विशेषणं आधी, माणूस नंतर. उलट महाभारतातली द्रोणाचार्यांची परीक्षा पाहा. झाडावर पक्षी ठेवलेला, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न: काय दिसतं? युधिष्ठिराला झाड, भाऊ, गुरू, पक्षी सगळं दिसतं. अर्जुनाला पक्ष्याचं डोकं तेवढं दिसतं. अर्जुन एकाग्र आहे हे वाक्य तिथे अनावश्यक ठरतं. आणि मला तर नेहमी वाटतं की त्या प्रसंगात अर्जुनापेक्षा युधिष्ठिराचं चित्रण जास्त खोल आहे. सगळ्यांना एकाच वेळी नजरेत ठेवणारा माणूस धनुर्धर म्हणून नापास होतो, पण पुढे राजा तोच होतो.

नाट्यशास्त्राने नायकांचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत, धीरोद्धत असे साचे दिले. खरी खोल चर्चा झाली ती नवव्या शतकात काश्मीरमध्ये, आनंदवर्धनाच्या ‘ध्वन्यालोक’ या काव्यशास्त्रावरच्या ग्रंथात. त्याने कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’तला एक श्लोक उदाहरणाला घेतला. अंगिरा ऋषी शिवासाठी पार्वतीची मागणी घालत आहेत, ती वडिलांच्या शेजारी मान खाली घालून उभी आहे, आणि हातातल्या कमळाच्या पाकळ्या मोजते आहे. लाज, आनंद, तो लपवण्याची धडपड, यांपैकी एकही शब्द श्लोकात नाही. आनंदवर्धनाचं म्हणणं असं, की रसाचं नुसतं नाव घेतल्याने रस उत्पन्न होत नाही. ‘शृंगार’ असं लिहिल्याने वाचकाच्या मनात शृंगार जागा होत नाही. अकराव्या शतकात मम्मटाने पुढचं पाऊल टाकलं आणि भाव किंवा रस त्याच्या नावानेच सांगणं हा ‘काव्यप्रकाशा’तल्या रसदोषांच्या यादीत पहिला दोष म्हणून नोंदवला. ‘सांगू नका, दाखवा’ हा सल्ला लेखनवर्गांत अगदी अलीकडचा शोध असल्यासारखा दिला जातो, तेव्हा मम्मटाची आठवण होते.

युरोपात थिओफ्रास्टस परत आला तो १५९२ मध्ये, इझाक कासोबोंने केलेल्या लॅटिन आवृत्तीमुळे. त्याच्या धर्तीवर इंग्लंडमध्ये जोसेफ हॉलने १६०८ मध्ये, तर फ्रान्समध्ये ला ब्रुएरने १६८८ मध्ये स्वभावचित्रं लिहिली. दरम्यान शरीरातल्या चार द्रवांच्या कमीजास्त प्रमाणावर माणसाचा पिंड ठरतो या समजुतीवर बेन जॉन्सनच्या विनोदी नाटकांतली पात्रं उभी राहिली. पुढे अठराव्या शतकातल्या कादंबरीकारांनी स्वभाव थेट नावातच घातला. फील्डिंगच्या सज्जन जमीनदाराचं नाव ऑलवर्दी, म्हणजे सर्वार्थाने योग्य.

याच शतकाच्या उत्तरार्धात योहान कास्पर लाव्हाटरचं मुखसामुद्रिक युरोपभर गाजलं. नाक, कपाळ, हनुवटी यांवरून अंतरंग वाचता येतं, असा त्याचा दावा. शास्त्र म्हणून ते टाकाऊच होतं, आणि चेहऱ्यावरून माणसाला गुन्हेगार ठरवण्याच्या पुढच्या उद्योगांना त्याने बळ दिलं. पण कादंबरीकारांना त्यातून वर्णनाची एक नवी शिस्त मिळाली. फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकने ती चेहऱ्यावरून घरापर्यंत नेली. ‘पेर गोरिओ’ (१८३५) मध्ये खानावळीचे वास, डागाळलेलं सामान, जुनाट भिंती यांचं पानंच्या पानं वर्णन येतं आणि मग मालकीण व्होकेर बाई प्रवेश करतात. त्यांचं सगळं व्यक्तिमत्त्व त्या खानावळीचा उलगडा करतं, तशीच ती खानावळ त्यांच्याकडे बोट दाखवते, असं बाल्झाक स्वतःच सांगतो. इतकं दाखवूनही त्याला सांगावंसं वाटलंच.

जेन ऑस्टिनने या दोन रीतींची जोडी जितक्या खट्याळपणे लावली तितकी फार थोड्यांना जमली आहे. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) च्या पहिल्या प्रकरणात बेनेट दांपत्याचा संवाद जवळजवळ निवेदकाच्या मध्यस्थीविना चालतो. बाईंचा उतावळेपणा आणि नवऱ्याची कोरडी थट्टा आपल्याला पुरती कळते. आणि प्रकरण संपता संपता निवेदिका दोघांचा स्वभाव दोन-चार वाक्यांत सांगून टाकते. तो निकाल अनावश्यक नाही. वाचकाने मनात बांधलेला अंदाज ताडून पाहायला मिळतो आणि निवेदिकेशी त्याचं संगनमत होतं. तिच्या शब्दावर आपण विश्वास ठेवतो, कारण ती बरोबर असल्याचं आपण आत्ताच पाहिलेलं असतं.

ऑस्टिनकडेच आणखी एक हत्यार होतं, पुढे फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरने ते परजलं. ‘त्याने पत्र फाडलं. किती हा मूर्खपणा!’ यातलं दुसरं वाक्य कोणाचं? व्याकरणाने निवेदकाचं, मनाने पात्राचं. फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’वर १८५७ च्या आरंभी पॅरिसमध्ये अश्लीलतेचा खटला चालला तेव्हा सरकारी वकील अर्नेस्त पिनार यांची एक तक्रार अशी होती, की या पुस्तकात एमा या नवऱ्याला फसवणाऱ्या नायिकेला दोषी ठरवू शकेल असं एकही पात्र नाही. तक्रार चुकीची नव्हती. लेखकाने निकाल देण्याचं काम सोडून दिलं होतं आणि एमाच्या मनातली वाक्यं निवेदनात मिसळली होती. ‘ती वाईट होती’ हे वाक्य कोर्टाला पुस्तकात शोधूनही सापडलं नाही. फ्लोबेर निर्दोष सुटला. कादंबरीच्या तंत्रावरून न्यायालयात वाद व्हावा, असं त्यानंतर क्वचितच घडलं असेल.

‘चंद्र चमकतोय असं सांगू नका, फुटलेल्या काचेवरची चमक दाखवा’ असं जे वाक्य रशियन कथाकार चेखॉव्हचं वचन म्हणून सगळीकडे फिरतं, ते त्याचं जसंच्या तसं नाही. मूळ आहे १८८६ च्या मे महिन्यात भाऊ अलेक्सांद्रला लिहिलेलं पत्र. त्यात बंधाऱ्यावर चमकणारा बाटलीचा तुकडा आहेच. पण स्वभावचित्रणासाठी महत्त्वाचा सल्ला पुढे आहे: पात्रांच्या मनःस्थितीचं वर्णन शक्यतो टाळावं, ती त्यांच्या कृतींतून कळावी.

मराठी कादंबरीने हा प्रवास फार थोड्या अवधीत केला. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) मध्ये पात्रं बरीचशी विचारांची वाहक आहेत. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये येऊ लागली, तिचीही नायिका यमुनाच, पण इथे ती स्वतः बोलते. घरातल्या माणसांचे स्वभाव आपल्याला तिच्या आठवणींतून कळतात आणि सांगता सांगता तिचा स्वतःचाही कळत जातो. ‘कोसला’ (१९६३) पर्यंत येताना तर पांडुरंग सांगवीकरचं ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हेच त्याचं स्वभावचित्र झालं. कुठल्याही विधानाला पूर्ण बांधील न होणारा माणूस त्या दोन शब्दांत मावतो.

इंग्रज समीक्षक पर्सी लबकच्या ‘द क्राफ्ट ऑफ फिक्शन’ (१९२१) पासून दाखवणं हा जवळजवळ नियम बनला. अमेरिकन समीक्षक वेन बूथने ‘द रेटरिक ऑफ फिक्शन’ (१९६१) मध्ये त्याला आव्हान दिलं. लेखक लपला तरी निवड त्याचीच असते, हा त्याचा मुद्दा मला निर्णायक वाटतो. ज्याच्या शब्दावर विसंबता येत नाही अशा निवेदकाची संकल्पनाही त्यानेच रूढ केली, आणि तिथे सांगणं आणि दाखवणं यांतली सीमाच विरघळते. काझुओ इशिगुरोच्या ‘द रिमेन्स ऑफ द डे’ (१९८९) मध्ये बटलर स्टीव्हन्स प्रतिष्ठेवर लांबलचक बोलतो. वडील वारले त्या रात्रीही तो पाहुण्यांना मद्य देत राहतो आणि दुःखाचा शब्द काढत नाही. तुम्ही रडल्यासारखे दिसता, असं त्याचे मालक म्हणतात तेव्हा आपल्याला कळतं.

कथनशास्त्राच्या अभ्यासक श्लोमिथ रिमन-केनन यांनी १९८३ मध्ये या सगळ्याचा तक्ता मांडला: एकीकडे थेट व्याख्या, दुसरीकडे कृती, बोलणं, रूप आणि परिसर यांतून होणारं सूचन, शिवाय पात्राचं नाव किंवा भोवतालचा निसर्ग यांच्याशी असलेल्या साधर्म्याने मिळणारी पुष्टी. शिकवायला तक्ता उत्तम आहे. पण स्टीव्हन्स स्वतःबद्दल जे सांगतो ते कोणत्या रकान्यात घालायचं? शब्दांत पाहिलं तर ती थेट व्याख्या आहे. वाचताना मात्र ते त्याच्या बोलण्यातून झालेलं सूचन ठरतं, आणि बहुतेक वेळा त्याच्या म्हणण्याच्या उलट दिशेने.