बांगडीतली पिन आणि पेनाएवढी बॅटरी

आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात आई फोनवर ‘बॅटरी गेली’ म्हणाली तेव्हा नेमकं काय गेलंय ते मला लगेच कळलं. मी तिला दिलेली, पेनाएवढी बारीक एलईडी टॉर्च. “नवे सेल घातले गं, तरी पेटेना. दिवाच उडाला असणार.”

दिवा उडणं ही बल्बच्या जमान्यातली गोष्ट. जुन्या टॉर्चच्या बल्बमध्ये टंगस्टनची केसासारखी तार असायची. ती तापून तापून झिजायची आणि एखाद्या धक्क्याने तुटायची. एलईडीत अशी झिजणारी तार नाही. जास्त तापू दिला नाही तर तो हजारो तास चालतो आणि म्हातारपणी अचानक न जाता हळूहळू मंद होतो. म्हणून ‘नवे सेल, तरी अंधार’ असं ऐकलं की दिव्यावर माझा संशय सगळ्यात शेवटी जातो.

“मागचं झाकण काढ. सेल आतच राहू देत. बांगडीतली पिन घे, मिटलेलीच. एक टोक सेलच्या बुडाला टेकव आणि दुसरं नळीच्या उघड्या काठाला.”

थोडी खुडबुड ऐकू आली. मग, “अगंबाई! पेटली की!”

म्हणजे दिवा ठणठणीत, सेलही ठणठणीत. दुखणं मागच्या झाकणात.

या बारीक टॉर्चमध्ये लांब वायर घालायला जागाच नसते, म्हणून अ‍ॅल्युमिनियमची नळीच वायरचं काम करते. वीज सेलच्या पुढच्या टोकातून एलईडीत जाते, तिथून नळीत उतरते, नळीच्या काठावरून मागच्या झाकणात, मग बटण, मग स्प्रिंग आणि परत सेलच्या बुडाशी. या वाटेत धातूला धातू नुसता टेकलेला असतो, अशा चार-पाच जागा येतात. प्रत्येक जागी थोडा मळ, थोडा गंज. समजा एका सांध्यात ०.३ ओहमचा अडथळा आला आणि अर्धा अँपिअर वीज वाहतेय, तर तिथे ०.१५ व्होल्ट वाया गेले. आकडा किरकोळ वाटतो. पण दोन अल्कलाइन सेल मिळून देतात ३ व्होल्ट आणि पांढऱ्या एलईडीला लागतात साधारण तेवढेच. शिलकीत काहीच नसलेल्या घरात दीडशे रुपयांची गळती लागावी, तसं होतं. चांगल्या टॉर्चमध्ये व्होल्टेज चढवणारं छोटं सर्किट असतं, त्यामुळे एकाच दीड व्होल्टच्या सेलवरही एलईडी पेटतो. पण ते सर्किट कमी व्होल्टेजची भरपाई जास्त करंट ओढून करतं, म्हणजे खराब सांध्यात नुकसान आणखी वाढतं.

एलईडीला तीन व्होल्ट का लागतात, ते टॉर्च बंद करून भिंगातून आत बघितलं की कळायला लागतं. आत हळदीच्या रंगाचा एक ठिपका दिसेल. ते पिवळं लेपन, आणि त्याच्याखाली जो खरा दिवा आहे तो निळा. निळ्या प्रकाशाच्या कणात लालपेक्षा ऊर्जा जास्त, म्हणून त्याला व्होल्टही जास्त मोजावे लागतात. लाल एलईडी दोन व्होल्टच्या आसपास भागवतो. हा निळा दिवा बनवायला संशोधकांना दशकं लागली. जपानमधल्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये झगझगीत निळा एलईडी करून दाखवला आणि २०१४ मध्ये इसामु आकासाकी आणि हिरोशी अमानो यांच्याबरोबर त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळ्यातला काही भाग लेपन शोषून घेतं आणि पिवळा करून सोडतं. उरलेला निळा आणि हा पिवळा मिळून डोळ्याला पांढरा भासतो. स्वस्त टॉर्चच्या उजेडात कुंकू तपकिरी आणि माणसं आजारी का दिसतात, याचं उत्तरही इथेच आहे. त्या मिश्रणात लाल फारच कमी असतो.

आता खोक्यावरचे आकडे. ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप. ‘१०० ल्युमेन’ वाचून आपण हरखतो. पण या बारीक टॉर्चमध्ये बसणारा ट्रिपल ए सेल जेमतेम साडेदहा मिलिमीटर जाडीचा; दोन मिळून ऊर्जा असते साधारण अडीच वॉट-तास. शंभर ल्युमेनला एक वॉटच्या आसपास खर्च धरला तर दोन-अडीच तासांत खेळ खल्लास, आणि जोरात पिळला की अल्कलाइन सेल तेवढंही देत नाही. तीच टॉर्च दहा ल्युमेनवर वीस तासांच्या आसपास चालेल. आणि गंमत अशी की दहापट उजेड डोळ्याला दहापट वाटतच नाही, दोन-तीनपट वाटतो. कुलूप उघडायला, सिलिंडरमागे डोकवायला, मीटरच्या बोर्डावर पडलेला एमसीबी शोधायला दहा ल्युमेन पुष्कळ. अंतराच्या आकड्यातही मेख आहे. अमेरिकेतल्या एफएल-१ या मानकानुसार ‘६० मीटर’ म्हणजे साठ मीटरवर पौर्णिमेच्या चांदण्याइतका, पाव लक्स उजेड (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर किती उजेड पडतो त्याचं माप). ‘८ तास’ म्हणजे उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. खोटं कुणी बोलत नाही, पण आठव्या तासाला तुमच्या हातात काजवा असतो.

उजेड किती यापेक्षा तो कुठून येतो, याकडे आपण फारसं लक्ष देत नाही. कानातल्याची फिरकी फरशीवर पडली की सगळे उभ्याने वरून टॉर्च मारतात. वरून मारलेल्या उजेडात सावली वस्तूखालीच दडते आणि ठिपक्यांच्या फरशीवर फिरकी हाही एक ठिपकाच होतो. टॉर्च फरशीवर आडवी ठेवा आणि हळूहळू फिरवा. तीन मिलिमीटरच्या फिरकीची सावली वीतभर पडते. मोबाइलच्या दिव्याने हे जमत नाही असं नाही, पण त्याचा उजेड चहूकडे सांडतो, आणि मोबाइल घेऊन कपाटाखाली हात घालणं म्हणजे वेगळीच कसरत.

अंगणात रात्री उतरताना हीच युक्ती. कोकणात फुरसं पाचोळ्यात पाचोळ्यासारखंच दिसतं. टॉर्च छातीशी किंवा कपाळाशी धरली तर उजेड आणि नजर एकाच रेषेत येतात, सावल्या लपतात, सगळं सपाट दिसतं. हात खाली सोडून, गुडघ्याच्या उंचीवरून उजेड पुढे टाकला की प्रत्येक उंचवट्याला सावली मिळते. मांजराचे डोळे चमकतात तसे सापाचे चमकत नाहीत, त्यामुळे चकाकीची वाट बघण्यात अर्थ नाही. कोळ्यांचं मात्र उलटं. टॉर्च डोळ्याच्या अगदी बाजूला धरून पावसाळी गवतावर फिरवा: जे हिरवट ठिपके दव समजून सोडून द्याल, त्यांतले काही चालायला लागतील.

दिवाळीला गावी गेले तेव्हा आईची टॉर्च खोलली. अंदाज होता तेच निघालं. झाकणातल्या स्प्रिंगवर पांढरी, रवाळ बुरशी. बुरशी आपण म्हणतो, आहे ते पोटॅशियम कार्बोनेट. अल्कलाइन सेलमध्ये जस्ताची पूड असते आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड हा जहाल क्षार, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ. जस्त या द्रावणात हळूहळू कुजतं आणि हायड्रोजन वायू तयार होतो. सेल पूर्ण उतरला की हे प्रकरण वाढतं. कुजणं रोखायला पूर्वी जस्तात थोडा पारा घालायचे. पर्यावरणाच्या कारणाने तो बंद झाला. आतला दाब वाढला की सेल फुटू नये म्हणून बुडाशी ठेवलेली कमकुवत जागा उघडते आणि वायूबरोबर क्षारही बाहेर झिरपतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचेच पांढरे कण होतात. अ‍ॅल्युमिनियमला हा क्षार खातो, म्हणून फुगलेला सेल नळीत असा अडकतो की टॉर्चसकट टाकून द्यावा लागतो. आईचे जुने सेल सुटले होते, हे नशीब.

इअर बडला लिंबाच्या रसाचे दोन थेंब लावून स्प्रिंगवर टेकवले. बारीक फसफस झाली: आम्लाने कार्बोनेट फोडलं आणि शोषलेला वायू परत हवेत गेला. फसफस थांबेपर्यंत दोन-तीन बड लागले. मग ओल्या बडने पुसून घेतलं आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक हात. हातमोजे घाला आणि तोच हात डोळ्याला लावू नका, क्षार भाजतो. स्वस्त, साध्या झिंक-कार्बन सेलची गळती मात्र आम्लाच्या बाजूची असते. तिथे लिंबू उपयोगाचं नाही, खायचा सोडा ओल्या बडवर घ्यायचा.

झाकणाचे आटे मळाने काळे झाले होते, तेही पुसले. आई खोबरेल तेलाची बाटली घेऊन उभीच होती. तिला थांबवलं. खोबरेल चोविसेक अंशांखाली गोठतं आणि धूळ धरून ठेवतं. आट्यांना आणि पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचा मोहरीएवढा ठिपका पुरतो. काही टॉर्चच्या आट्यांवरही अ‍ॅनोडायझिंगचा थर असतो, आणि तो अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा थर वीज वाहू देत नाही. अशा टॉर्चचं झाकण अर्धा फेरा सैल केलं की वाट तुटते आणि बटण दाबलं गेलं तरी पर्समध्ये ती पेटत नाही. पर्समध्ये पेटून सेल संपवणाऱ्या टॉर्च मी इतक्या पाहिल्यात की माझी मी कायम सैल ठेवते.

सेलचं म्हणाल तर रोज वापरायच्या टॉर्चमध्ये मी चार्जिंगचे निकेल मेटल हायड्राइड सेल घालते. छापलेलं व्होल्टेज १.२ असलं तरी त्यांचा आतला अडथळा कमी, त्यामुळे जोरात चालताना ते अल्कलाइनपेक्षा सरस ठरतात. पूर्वी हे सेल नुसते पडून महिन्याभरात बरेच उतरायचे. जपानच्या सान्यो कंपनीने २००५ मध्ये वर्षभर चार्ज धरून ठेवणारे आणले तेव्हापासून ती तक्रार मिटली. पण आईला चार्जरचा कंटाळा, आणि तिची टॉर्च महिनोन्‌महिने देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला नुसती लटकते. तिच्यासाठी दीड व्होल्टचे लिथियम सेल आणले. महाग आहेत, पण वर्षानुवर्षं टिकतात आणि अल्कलाइनसारखे गळत नाहीत. नाव ऐकून याच मापाचे १०४४० नावाचे लिथियम-आयन सेल कुणी देऊ लागलं तर घेऊ नका. ते नळीत बरोबर बसतात, पण भरलेल्या एकाचे व्होल्ट असतात ४.२, आणि साध्या टॉर्चमध्ये दोन घातले तर एलईडी एका क्षणात जळेल.

आणि जोडी फोडायची नाही. एक नवा, एक जुना असं केलं की जुना आधी रिकामा होतो, नवा त्याच्यातून वीज ढकलतच राहतो आणि जुन्याचे ध्रुव उलटतात. गळतीला याहून चांगलं निमंत्रण नाही. मी हे सांगत असताना आई टीव्हीच्या रिमोटचं झाकण काढून बघत होती. आत एक लाल सेल होता आणि एक निळा.