आधी पुस्तक वाचा, मग खेळा?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन गोष्ट रंगवण्याचा खेळ) खेळायचं तर आधी जाडजूड नियमपुस्तक पाठ हवं, हा समज वर्षानुवर्षं चालत आला आहे. त्यापायी कित्येक जण टेबलाजवळ फिरकतही नाहीत.

समज अगदीच निराधार नाही. २०१४च्या पाचव्या आवृत्तीचं खेळाडूंसाठीचं पुस्तक तीनशेहून अधिक पानांचं आहे. पण त्यातला मोठा भाग मंत्र, शस्त्रं आणि पात्रांच्या प्रकारांचा. लागेल तेव्हा उघडून बघायचा. त्याच वर्षी नवख्यांसाठी निघालेल्या स्टार्टर सेटमध्ये नियमांची पुस्तिका अवघी ३२ पानांची होती, सोबत पाच तयार पात्रं.

गाभा एवढाच: आपलं पात्र काय करतंय ते खेळाडूने सांगायचं. जमेल की नाही याची शंका असेल, तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवायचा; बेरीज गेममास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, ठरवलेल्या आकड्याइतकी किंवा जास्त आली की जमलं. दार उघडंच असेल तर फासा कशाला?

नियम ठाऊक हवेत ते खेळ चालवणाऱ्याला, तेही सगळे नाहीत. त्याने तयार पात्रं वाटावीत आणि थेट पेचातून सुरुवात करावी: पूल तुटतोय, मागे गॉब्लिन आहेत, काय करता? गप्प बसलेल्याला नावाने विचारावं. पहिली संध्याकाळ पात्र बनवण्यात घालवणं मला तरी शुद्ध छळ वाटतो. (काहींना तेच आवडतं, त्यांनी ते पुढच्या वेळी करावं.) लढाईचे बारकावे लढाई पेटल्यावर सांगितले तरी चालतात, आणि मंत्रांचे फक्त जादूगार खेळणाऱ्याला.