वीज पडून मृत्यू : मदतीची पात्रता, कागदपत्रं आणि प्रकरण अडतं कुठे

वीज पडून माणूस गेला तर शासन वारसांना 4 लाख रुपये देतं, हे आता गावागावात ठाऊक आहे. ते मिळणार की नाही हे बहुतेक वेळा पहिल्या दिवशीच ठरून जातं, तेही कुणी अर्ज लिहायला बसायच्या आधी, हे मात्र कुणी सांगत नाही. मोहफुलं आणि तेंदूपत्त्याचे दिवस, मग रोवणी, मग सोयाबीन सोंगताना येणारा परतीचा पाऊस. दर हंगामात विदर्भात माणसं जातात आणि दर हंगामात त्याच त्या कारणांनी प्रकरणं परत येतात.

पात्र कोण?

कुणीही. शेती असण्याची अट नाही. भूमिहीन मजूर, गुराखी, रोवणीला आलेली बाई, शाळकरी पोर, सगळे बसतात. "सातबारा आणा" म्हणून तहसीलमधून परत पाठवलं, तर समोरचा माणूस वेगळ्याच योजनेबद्दल बोलतोय असं समजा. ती पुढे येईल. "वीज आपत्तीच्या यादीत नाही" असंही एखादा बाबू ऐकवतो. केंद्राच्या यादीत ती नाही हे खरं, पण महाराष्ट्राने ती राज्याची आपत्ती म्हणून जाहीर केलेली आहे आणि मदत त्याच दराने मिळते. घटना ज्या तालुक्यात झाली त्या तहसीलमध्ये प्रकरण तयार होतं, मयत राहणारा कुठलाही असो.

पीएम (शवविच्छेदन), पीएम आणि पीएम

त्याआधी एक गोष्ट. वीज पडलेल्या माणसाला शेणात किंवा चिखलात पुरून ठेवायची पद्धत अजून बंद झालेली नाही. त्याच्या अंगात करंट उरलेला नसतो, हात लावला तर काही होत नाही. श्वास थांबला असेल तर छाती दाबत राहायचं, 108 ला फोन लावायचा आणि दवाखाना गाठायचा. शेणात गेलेला अर्धा तास म्हणजे वाचू शकणारा माणूस गेला.

माणूस गेलाच, तर घरचे म्हणतात, आता चिरफाड कशाला, आणि संध्याकाळच्या आत अग्नी देऊन मोकळे होतात. दुःख कळतं. पण पीएम झालं नाही तर मृत्यू विजेनेच झाला असं सांगणारा एकही सरकारी कागद मागे राहत नाही. मग सरपंचाचा दाखला जोडा, पन्नास सह्यांचं निवेदन द्या, फाइल हलत नाही. म्हणून पोलीस पाटलाला लगेच सांगा, ठाण्यात मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद) दाखल करा, जागेचा पंचनामा करून घ्या आणि प्रेत ग्रामीण रुग्णालयात न्या. पटवाऱ्यालाही त्याच दिवशी कळवा. तो फोन उचलत नसेल तर जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077 आहे.

पीएम झालं तरी एक खोच राहते. वीज पडली म्हणजे माणूस जळून काळा पडतो, अशी आपली समजूत. पुष्कळदा हृदय जागीच बंद पडतं आणि अंगावर जेमतेम काही दिसतं: करपलेले केस, फाटलेला सदरा, कधी छातीवर किंवा पाठीवर नेच्याच्या पानासारखी लालसर नक्षी. ही नक्षी काही तासांत, फार तर एखाद्या दिवसात पुसट होते. डॉक्टरसमोर प्रेत दुसऱ्या दिवशी आलं, सोबत काही माहिती आली नाही, तर तो "मत राखून ठेवले, व्हिसेरा (आतल्या अवयवांचे नमुने) तपासणीस" असं लिहून मोकळा होतो. त्यात त्याची चूक नाही. म्हणून हलवायच्या आधी फोटो काढा. कपडे, चप्पल, गळ्यातली वितळलेली साखळी किंवा डोरलं पोलिसांकडे पंचनाम्यात द्या. झाडावर ताजी चीर पडली असेल तर तीही पंचनाम्यात येऊ द्या. सोबत असलेल्या माणसांचे जबाब त्याच दिवशी व्हायला हवेत. व्हिसेरा गेलाच असेल तर अंतिम मत नंतर वेगळ्या कागदावर येतं. ते आपसूक तहसीलला पोहोचेल या भरवशावर राहू नका.

पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचा, नाहीतर कुणाकडून वाचून घ्या. "विजेचा शॉक लागून" किंवा "करंट लागून" असं लिहिलं गेलं की प्रकरण महावितरण आणि विद्युत निरीक्षकाच्या वाटेला लागतं आणि तहसील हात वर करतं. "आकाशातील वीज अंगावर पडून" असं स्पष्ट लिहायला लावा.

जखमीला नागपूरला मेडिकलला (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात) हलवलं आणि तो तिथे गेला, तर मर्ग तिथल्या ठाण्यात दाखल होतो आणि कागद मग आपल्या ठाण्याकडे येतात. ही वाट फार लांबते. मर्ग क्रमांक, पीएम क्रमांक आणि तारीख तिथून निघायच्या आधी लिहून आणा.

बाकी कागद

मृत्यूचा दाखला, मयताचं आणि वारसाचं आधार, रेशनकार्ड, वारसांचा जबाब, बँक पासबुक. यातलं अडतं ते पासबुक. वारस बाईचं खातं बरेचदा पुरी केवायसी न करता उघडलेलं लहान खातं असतं. अशा खात्यात वर्षाला एकूण 1 लाखाच्या वर जमा होऊ शकत नाही. 4 लाख तिथे येणार कसे? केवायसी आधीच करून घ्या. आधारवर नाव माहेरचं आणि पासबुकावर सासरचं असेल तर तेही. सासरे आणि सून यांच्यात वारसाचा वाद असेल तर तो तहसीलच्या टेबलावर नेऊ नका, घरात बसून लेखी संमती करा. वादात पडलेली फाइल कपाटात जाते.

सातबारावाली योजना

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. मृत्यूला 2 लाख, वय 10 ते 75, खातेदार कास्तकार किंवा त्याच्या कुटुंबातला एक सदस्य. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जातो. मुदत 30 दिवस, आणि ती अपघाताच्या तारखेपासून. लोक तेरवी झाल्यावर किंवा पीएमचा कागद हातात आल्यावर दिवस मोजायला लागतात आणि तिथेच फसतात. गाव नमुना 6 क मध्ये वारसनोंद लागते, तिच्या फेरफाराला नोटिशीची मुदत असते, म्हणून महिना असाच निघून जातो. आहे तेवढ्या कागदांवर प्रस्ताव मुदतीत टाका, पोच घ्या, उरलेलं मागाहून जोडा.

आणि हे नीट वाचा: त्याच अपघातासाठी दुसऱ्या खात्याच्या योजनेतून लाभ घेतला असेल तर ही योजना मिळत नाही. दोन्ही मिळून 6 लाख होतील असं सांगणारे दलाल बाजाराच्या दिवशी भेटतात. त्यांना चहासुद्धा पाजू नका.

बँकेतून वर्षाला 20 रुपये कापणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा मात्र वेगळा आहे. मयताचं पासबुक उघडून ती कपात आहे का बघा. असेल तर बँकेला 30 दिवसांत कळवा; मृत्यूला 2 लाख.

जखमी

40 ते 60 टक्के अपंगत्वाला 74 हजार, 60 च्या वर अडीच लाख. आठवड्याहून जास्त दवाखान्यात राहावं लागलं तर 16 हजार, कमी असेल तर 5,400; आयुष्मान कार्डावर उपचार झाले असतील तर दवाखान्याची ही मदत वेगळी मिळत नाही. विजेने कानाचा पडदा फाटणं नेहमीचं आहे, पण "थोडं कमी ऐकू येतं" म्हणून लोक सोडून देतात. सरकारी दवाखान्यात कानाची तपासणी करून कागद ठेवा.

ढोरं

गाय-म्हैस 37,500, बैल 32,000, वासरू 20,000, शेळी-मेंढी 4,000. मोठी दुधाळ जनावरं तीनपर्यंत, ओढकामाचीही तीनपर्यंत. पीएम पशुवैद्यकाने करायचं, म्हणून तो येईपर्यंत गाडू नका. इथली खरी अडचण कानातला बिल्ला. 1 जून 2024 पासून 12 अंकी बिल्ला नसलेल्या जनावराची भरपाई देय नाही. कान पिकतो म्हणून कितीतरी जणांनी बिल्ले काढून टाकलेत. बैलाचा बिल्ला चरताना पडला असेल तर नवीन मारून घ्या, पावसाळ्याच्या आत. फुकट आहे. पाऊस आला की कळप मोहाखाली गोळा करणं हेही थांबवा. एका विजेत आख्खा कळप जातो तो असाच.

घराच्या नुकसानीला पंचनामा आणि नमुना 8 (ग्रामपंचायतीचा घराचा उतारा). टीव्ही, मोटर जळाली तर त्याचं काही मिळत नाही.

वरचे 4 लाख, जखमी आणि ढोरं यांचे दर मार्च 2023 च्या शासन निर्णयातले. अर्ज करताना चालू दर विचारून घ्या. प्रकरण अडलं तर क्रम असा: तहसीलदार, मग उपविभागीय अधिकारी, मग जिल्हाधिकारी कार्यालयातली नैसर्गिक आपत्ती शाखा. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांकाशिवाय कागद देऊ नका. तरीही "वर पाठवलंय" एवढंच उत्तर येत असेल तर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात तीनच गोष्टी विचारा: फाइल कोणत्या टेबलावर आहे, कोणत्या तारखेपासून आहे आणि कोणता कागद कमी आहे.