दात दुखायच्या आधी या: आमच्या पेशंटसाठी माहितीपत्रक

हे पत्रक काउंटरवर पण ठेवलंय आणि व्हॉट्सअपवर पण पाठवतोय, कारण खुर्चीवर बसलं की तोंड उघडं असतं, विचारायचं ते विचारता येत नाही, आणि घरी गेल्यावर आठवतं की अरे हे तर राहूनच गेलं. निवांत वाचा, घरातल्या मोठ्या माणसांना वाचून दाखवा, लहान पोरं असतील तर त्यांच्या आयांनी पोरांबद्दलचा भाग नक्की वाचा.

आमच्याकडे पारोळा, एरंडोल, धरणगाव, चोपडा साइडचे बरेच लोक येतात आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं, "डाक्टर, रातभर झोप उनी नही." मग आम्ही मागचं विचारत जातो तेव्हा कळतं की हे काही कालपासूनचं नाही. आधी माठातलं पाणी प्यायलं की झिणझिणायचं, मग गूळ किंवा पेढा खाल्ला की कळ यायची, त्यानंतर चहाचा घोट घेतला की ठणका सुरू व्हायचा तो लवकर थांबायचाच नाही, आणि मग रात्री आडवं झालं की सगळं डोकं धरायचं. ही सगळी पायरी पायरीनं दाताची सूचनाच असते. गार लागून लगेच थांबतंय तोपर्यंत नुसतं सिमेंट भरून बहुतेक वेळा काम होतं. गरम लागून ठणका टिकायला लागला, झोपेतून उठवायला लागला, म्हणजे कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली, मग रूट कॅनल (मुळातली सडलेली नस काढून मूळ बंद करणं) नाहीतर दाढ काढणं एवढेच रस्ते उरतात.

आणि एक गोष्ट फार लोकांना फसवते. काही दिवस भयंकर दुखतं आणि एक दिवस आपोआप थांबतं. लोकांना वाटतं बरं झालं, देवानं ऐकलं, आणि दवाखान्याची तारीख घेतलेली असली तरी येत नाहीत, फोन केला तर म्हणतात "आते दुखत नही, मंग कसाले येवानं?" अहो दुखणं थांबलं कारण आतली नस मेली. जंतू तसेच आहेत, ते मुळाच्या टोकातून खाली हाडात उतरतात, तिथं पू होतो, आणि काही महिन्यांनी गालावर सूज घेऊन तोच पेशंट येतो. दुखणं थांबलं तर उलट लवकर या.

दात किडतो कसा, हे थोडक्यात सांगतो. दाताचं वरचं पांढरं कवच म्हणजे इनॅमल, आपल्या शरीरातली सगळ्यात कडक वस्तू, हाडापेक्षा पण कडक, पण त्यात नस नसते म्हणून ते झिजताना काहीच जाणवत नाही. दातावर जो चिकट थर बसतो, सकाळी उठल्यावर जिभेला खरखरीत लागतो तो, त्यात जंतू राहतात. आपण गोड किंवा पिठूळ खाल्लं की ते पण खातात आणि अ‍ॅसिड सोडतात, त्या अ‍ॅसिडनं इनॅमलमधला कॅल्शियम सुटायला लागतो. आपली लाळ हे अ‍ॅसिड हळूहळू मारते आणि सुटलेलं थोडं परत भरते पण, फक्त त्याला साधारण अर्धा-एक तास लागतो. तेवढ्यात परत काही गोड तोंडात गेलं की पहिल्यापासून सुरू.

इनॅमल फुटून कीड आतल्या मऊ थरात गेली की मग ती पसरते. आपल्या कापसाच्या बोंडाला गुलाबी अळी लागते तेव्हा बाहेरून बोंड चांगलं दिसतं, बारीकसं छिद्र असतं, आणि फोडलं की आत सगळं सडलेलं, अगदी तसंच. फरक एवढाच की दातात अळी नसते, कधीच नसते. यात्रेत, बाजारात धुरी देऊन किंवा काडी फिरवून दातातनं किडा काढून दाखवणारे बसतात, ताटलीत पांढरं बारीक काहीतरी पडलेलं दाखवतात, ते तुमच्या दातातलं नसतं. पैसे जातात ते जातात पण त्यात दोन-तीन महिने निघून जातात आणि तोपर्यंत भरता येणारी दाढ काढायच्या लायकीची होते, याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे दाताला जास्त लागतं. जिनिंगवर काम करणारे, दुकानावर बसणारे, ड्रायव्हर लोक, यांच्यात आम्ही हे खूप बघतो, जेवणात गोड फारसं नाही पण दर तास-दीड तासाला गोड चहा, तो पण घोट घोट करत. लाळेला सावरायला वेळच मिळत नाही. चहा सोडा असं आम्ही म्हणणार नाही, खान्देशात राहून ते शक्य पण नाही, पण साखर कमी करा, चहा एकदाचा पिऊन टाका, आणि वरून दोन घोट पाणी तोंडात फिरवून गिळा. आखाजीला सांजोऱ्या, पुरणपोळी, आमरस सगळं खा, जेवणाबरोबर खा, पोटभर खा. डबा उघडून दिवसभर एक एक तुकडा तोंडात टाकत राहणं टाळा. केळीचे वेफर्स खारे आहेत म्हणून लोक निर्धास्त असतात, पण तो पिठूळ लगदा दाढेच्या खाचेत जाऊन बसतो आणि तासभर तिथंच राहतो, जंतूंना तेवढं पुरतं. उन्हाळ्यात पारा ४५ ला गेला की कोल्ड्रिंकच्या बाटल्या सुरू होतात, त्यात साखर पण आणि अ‍ॅसिड पण, त्यापेक्षा ताक प्या.

आता पोरांबद्दल, हे आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

साधारण सहाव्या वर्षी पोराला एक दाढ येते, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे. तिच्यासाठी कोणता दात पडत नाही, मागच्या रिकाम्या जागेत गुपचूप येते, म्हणून घरात कोणाला पत्ताच नसतो. आणि ही दाढ कायमची आहे, परत येणार नाही. मागच्या उन्हाळ्यात एक आजीबाई नातवाला घेऊन आल्या, पोरगं पहिलीतलं, पुढचा दात हलतोय म्हणून दाखवायला आणलेलं. तोंड बघताना खालच्या मागच्या दाढेच्या खाचेत मोहरीएवढा काळा ठिपका दिसला. बारीक टोकाची सळई त्यावर टेकवली तर आत रुतली, ओढताना थोडी अडकली. आजी म्हणाल्या, "दूधना दात शे ना तो, पडी जाई." एक्स-रे काढला तर वरचा ठिपका मोहरीएवढा आणि खाली हरभऱ्याएवढी काळी सावली, नसेच्या अगदी जवळ. सुदैवानं नस वाचली, सिमेंट भरून भागलं. अजून थोडं थांबले असते तर पहिलीतल्या पोराचं कायमच्या दाढेचं रूट कॅनल करायची वेळ आली असती.

म्हणून पोरगं सहा-सात वर्षाचं झालं की काही दुखत नसलं तरी एकदा दाखवून न्या. त्या दाढेच्या खाचा खोल असतील तर त्यात सीलंट म्हणून पातळ थर भरता येतो, इंजेक्शन नाही, ड्रिल नाही, पोरं रडत पण नाहीत. दुधाचे दात पडणारच आहेत म्हणून किडू द्यायचे असं करू नका, दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षापर्यंत तोंडात राहतात, त्या लवकर गेल्या की शेजारचे दात जागा खातात आणि मग खालून येणारा दात वाकडा येतो. आणि तान्ह्या बाळाला रात्री झोपताना साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका, वरचे पुढचे चार दात आधी पिवळे, मग तपकिरी, मग मुळापर्यंत झिजलेले आम्ही दीड-दोन वर्षाच्या बाळांमध्ये बघतो. पहिला दात आला की ब्रश सुरू करा. तीन वर्षाखाली तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षापर्यंत वाटाण्याएवढी, आणि ब्रश आईनं किंवा बापानं हातात घ्यायचा, पोराच्या भरवशावर नाही.

मशेरी आणि तपकिरीबद्दल. घरातल्या बायका, आज्या वर्षानुवर्षं लावतात, आम्हाला कोणाला दुखवायचं नाही. पण मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, दुसरं काही नाही. तिच्यानं हिरड्या खाली सरकतात, दाताचं मूळ उघडं पडतं, आणि मुळावर इनॅमल नसतं म्हणून तिथं कीड फार पटकन लागते. तंबाखूनं हिरडीतला रक्तपुरवठा कमी होतो म्हणून हिरडी खराब असून पण रक्त येत नाही, आणि लावणाऱ्याला वाटतं माझे दात घट्ट आहेत. तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहेच. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यात न भरणारी जखम असेल, तोंड पहिल्यासारखं उघडत नसेल तर दाताचं काही नसलं तरी या. दाढ दुखली की चिमूटभर तंबाखू दाबून धरणारे पण आहेत, तेवढ्यापुरतं बधिर वाटतं आणि सवय मात्र कायमची लागते.

घरगुती उपायात लवंगेचं तेल चालतं, कापसाच्या बोळ्याला अगदी थोडं लावून फक्त किडलेल्या खड्ड्यात ठेवा, हिरडीला लावू नका, भाजते. कोमट मिठाच्या पाण्यानं चूळ भरा. दुखण्याची गोळी गिळायची असते, दाताजवळ दाबून ठेवायची नाही, अ‍ॅस्पिरिन ठेवून हिरडी पांढरी पडून सोललेली असते अशा केसेस येतात. गालावर सूज असेल तर बाहेरून गरम कपड्यानं शेकू नका. मेडिकलवरून अँटिबायोटिकच्या दोन-चार गोळ्या घेऊन भागवू नका, दाताचा खड्डा गोळीनं भरत नाही. आणि सूज जबड्याखाली, गळ्याकडे उतरत असेल, ताप असेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर आमच्या टायमिंगची वाट बघू नका, रात्र असली तरी सरळ मोठ्या हॉस्पिटलला जा, हे जिवावर बेतू शकतं.

रूट कॅनलची भीती सगळ्यांना असते म्हणून काय होतं ते सांगून ठेवतो. आधी सुन्न करायचं इंजेक्शन, ते टोचताना थोडी कळ येते, मग ओठ जाड झाल्यासारखा वाटतो. मशीनचा आवाज येतो, पाणी उडतं, दुखत नाही, दुखलं तर डावा हात वर करा, आम्ही थांबतो आणि अजून भूल देतो. मग केसासारख्या बारीक सळयांनी मुळातली सडलेली नस काढतो, ओठाला एक हुक अडकवलेला असतो आणि यंत्र टुकटुक वाजतं, ते मुळाची लांबी मोजायला असतं, घाबरू नका. औषधाच्या पाण्याला ब्लीचिंगसारखा वास येतो. साफ झालं की मुळं रबरासारख्या मसाल्यानं बंद करतो. नंतर दोन-तीन दिवस चावताना हुळहुळतं, ते चालायचंच. पण इथं लोक सोडून देतात, दुखणं गेलं की कॅप (दाढेवरचं टोपण) बसवायला येतच नाहीत. पोकळ झालेली दाढ कॅपशिवाय सुपारी, शेंगदाणा, कडक भाकरी चावताना मधोमध उभी चिरते आणि मग काढावीच लागते, आधीचा सगळा खर्च वाया. खर्चाचं आधीच स्पष्ट विचारा, दरपत्रक काउंटरवर लावलेलं आहे, हप्त्यानं पण देता येतात. ज्यांना जमणारच नाही त्यांना आम्ही स्वतः सांगतो की सरकारी दवाखान्यात किंवा धुळ्याला डेंटल कॉलेजला दाखवा, कमी पैशात होतं, पण दाढ अंगावर काढू नका.

वरची दाढ काढली की नजर जाते, हे खरं नाही. डोळ्याच्या नसा वेगळ्या, दाताच्या वेगळ्या. दाढ काढल्यावर कापूस अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून ठेवा, त्या दिवशी थुंकू नका, जोरात चूळ भरू नका, गरम चहा नको, बिडी-तंबाखू तर अजिबात नको, नाहीतर रक्ताची गाठ निघून जाते आणि तिथं जे दुखतं ते दाढेपेक्षा वाईट असतं.

ब्रश दोन वेळा, रात्रीचा जास्त महत्त्वाचा, कारण झोपेत लाळ कमी होते. ब्रश मऊ घ्या, दात घासायचेत, भांडी घासल्यासारखा जोर नको. पेस्ट फ्लोराइडची घ्या, ट्यूबवर पीपीएम (फ्लोराइडचं प्रमाण) लिहिलेलं असतं, १००० च्या आसपास असावं. पेस्ट थुंकून टाका पण लगेच खळखळून चूळ भरू नका, फ्लोराइड दातावर राहू द्या. कैरी, लिंबू, चिंच असं आंबट खाल्लं असेल तर अर्धा तास थांबून घासा. बाभळीची, कडुलिंबाची काडी वापरता तर वापरा, पण दाढांच्या मधल्या फटीत ती पोचत नाही आणि तिच्यात फ्लोराइड नसतं, म्हणून रात्री तरी ब्रश करा.

येताना जुने एक्स-रे, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पट्टीसकट घेऊन या. शुगर, बीपी, रक्त पातळ व्हायची गोळी, मागे झालेली अँजिओप्लास्टी, गोळ्या-इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन, दिवस गेलेले असतील तर ते, सगळं आधी सांगा, लाजू नका. रक्त पातळ व्हायची गोळी स्वतःच्या मनानं बंद करून येऊ नका. आणि उपाशी तर येऊच नका, एस.टी. पकडायच्या घाईत लोक तसेच निघतात आणि इंजेक्शन दिलं की चक्कर येते. जेवून, शुगरची गोळी घेऊन, मग या.