गॅस्ट्रोपब

गॅस्ट्रोपब : पबचे मोकळे वातावरण राखून चांगल्या उपाहारगृहाच्या तोडीचे जेवण देणारे मद्यगृह. हा प्रकार मूळचा ब्रिटनमधला. डेव्हिड आयर व माइक बेल्बेन यांनी लंडनच्या क्लार्कनवेल भागात १९९१ मध्ये सुरू केलेला ‘द ईगल’ हा सामान्यतः पहिला गॅस्ट्रोपब मानला जातो.

उगमाविषयी मात्र एकमत नाही. घोडागाड्यांच्या मार्गांवरील सरायांत वाटसरूंना जेवणखाण व मुक्कामाची सोय पूर्वापार होती. गॅस्ट्रोपब हे तिचेच नवे रूप, असे एक मत आहे. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास बहुतेक शहरी पबांत बिअरसोबत फार तर पाव-चीज किंवा व्हिनेगरमधली अंडी मिळत, हा खंड त्या मताने भरून निघत नाही. दुसरे मत १९८९ च्या बिअरविषयक आदेशांवर भर देते. २,००० हून अधिक पब असलेल्या मद्य कंपन्यांना त्यावरच्या पबांपैकी निम्मे विकणे किंवा पुरवठ्याच्या बंधनातून (म्हणजे मालक कंपनीचीच बिअर घेण्याच्या अटीतून) मोकळे करणे भाग पडले व होतकरू स्वयंपाक्यांना जागा परवडू लागल्या. हे मत अधिक ग्राह्य वाटते. तथापि आदेशाची मुदत नोव्हेंबर १९९२ पर्यंत होती आणि ईगल त्याआधीच उघडला होता. तेव्हा कायद्याइतकेच त्या काळच्या मंदीलाही श्रेय द्यावे लागते.

ईगलमध्ये स्वयंपाक बारच्या काउंटरमागेच, गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत होई. पदार्थ फळ्यावर खडूने लिहीत. संपला की पुसून टाकीत. टेबलांवर चादरी नसत आणि खुर्च्याही एकसारख्या नसत. पुढे ही मांडणी इतकी रूढ झाली की तिची नक्कलच जास्त दिसते.

सुटीवर आलेल्या प्रवाशाला, विशेषतः खेड्यांत, याचा उपयोग मोठा. अनेक ठिकाणी वरच्या मजल्यावर खोल्या असतात. बार दिवसभर उघडा असला तरी स्वयंपाकघर बहुधा दुपारी अडीचच्या सुमारास बंद होऊन संध्याकाळी सहाच्या आसपास पुन्हा सुरू होते. काही ठिकाणी टेबल क्रमांक सांगून काउंटरवरच मागणी नोंदवून पैसे भरतात, काही ठिकाणी वाढपी येतो. रविवारच्या भाजलेल्या मांसाच्या जेवणासाठी जागा आधी राखून ठेवणे इष्ट.

हेरफर्डशरमधील ‘द स्टॅग इन’ला २००१ मध्ये मिशेलिन तारा (उत्कृष्ट जेवणाबद्दल मिशेलिन मार्गदर्शिका देत असलेला मान) मिळाला; पबला मिळालेला तो पहिलाच. मार्लो येथील ‘द हँड अँड फ्लॉवर्स’ हा २०१२ च्या मार्गदर्शिकेत दोन तारे मिळवणारा पहिला पब ठरला.